घोडे वाहून नेणाऱ्या गाडीतली रबर मॅट: वास, फुगवटा आणि घसरण पुन्हा पुन्हा का होते?

तक्रार ठरलेली असते. गाडी धुऊन काढली, नवी रबर मॅट टाकली, महिना-दोन महिने बरे गेले आणि मग पुन्हा तोच डोळ्यांना झोंबणारा वास. कुणाची मॅट मधोमध फुगून वर येते. कुणाची ब्रेक मारला की पुढे सरकते आणि मागे फाळक्यापाशी (मागच्या पडत्या दारापाशी) वीतभर पत्रा उघडा पडतो. कुणाची घोडी आजवर मुकाट्याने चढत होती, ती आता पहिला पाय आत ठेवला की मागे ओढते. मालकाचं म्हणणं मात्र एकच, "मॅट बोगस निघाली, दुसरी कुठली घेऊ?"

दुसरी घ्यायच्या आधी आहे ती उचला. बॉडीच्या कामाला आमच्याकडे घोड्यांच्या ज्या गाड्या येतात, त्यातली बरीचशी 'खराब' मॅट धडधाकट असते. खराब झालेला असतो तो तिच्या खालचा तळ. वासाच्या आणि बऱ्याचदा सरकण्याच्या तक्रारीच्या मुळाशी मॅटखाली अडकलेलं पाणी निघतं. फुगवटा बहुतेक वेळा कापण्यातल्या चुकीचा किंवा तेलाचा असतो, ते पुढे येईलच. मॅट हे झाकण आहे. झाकणाखाली काय कुजतंय ते न बघता झाकण बदललं, तर पुढच्या पावसाळ्यात तीच तक्रार परत येणार.

गाडी कुठलीही असो, गोष्ट हीच. पुणे-मुंबई करणारी रेसच्या घोड्यांची बंद गाडी, रायडिंग क्लबचा दोन घोड्यांचा ट्रेलर किंवा वरातीची घोडी नेणारा साधा पिकअप, तळावर रबर आलं की हे प्रश्न येतातच. सारंगखेड्याच्या यात्रेला किंवा अकलूजच्या बाजाराला गेलात तर पन्नास तऱ्हेचे तळ दिसतील: लाकडी फळ्या, चेकर प्लेट (उठावदार नक्षीचा पत्रा), प्लाय, नुसती माती आणि त्यावर पाचट. तळाला न घसरणारं काहीतरी हवं ही काही हौसेची गोष्ट नाही. १९७८ च्या प्राणी वाहतूक नियमांत साध्या मालवाहू गाडीतून घोडे न्यायचे असतील तर ते बंधनकारक आहे. त्याच नियमांत दोन जनावरांमध्ये किमान ८ सेंटिमीटर व्यासाचे बांबू आणि घोड्यांची तोंडं डावीकडे, म्हणजे रहदारीपासून लांब ठेवणं, हेही सांगितलं आहे.

आधी उचलून बघा

फाळक्याजवळची कड दोघांनी धरा आणि मॅट हातभर पुढे दुमडा. गाडी बंद पद्धतीची असेल तर दारं उघडून थोडा वेळ वारा खेळू द्या, मगच खाली वाका. साचलेला अमोनिया पहिल्याच श्वासाला ठसका आणतो.

गेल्या पावसाळ्यात दोन घोड्यांची एक गाडी आली होती. वरून मॅट काळीभोर, स्वच्छ. मालक प्रत्येक फेरीनंतर पाइप मारणारा, त्यामुळे वास कुठून येतो हेच त्याला कळेना. कड उचलली तर खाली करड्या रंगाचा बुळबुळीत थर, त्यात गवताच्या काड्या आणि भुशाचा लगदा. प्लायचा वरचा पापुद्रा मॅटलाच चिकटून वर आला. स्क्रू ड्रायव्हर टेकवला, ठोकावाही लागला नाही, मुठीपर्यंत आत गेला. निचऱ्याचं भोक कोपऱ्यात होतं, पण काड्यांचं बूच बसून ते केव्हाच बंद झालं होतं. पाइप जितका जास्त मारला जायचा, तितकं जास्त पाणी कडेनं खाली उतरून तिथेच राहायचं. त्या प्लायवर चारशे किलोचा घोडा उभा राहत होता.

तळ कशाचा आहे त्यावर काय शोधायचं ते ठरतं. लाकूड किंवा प्लाय असेल तर स्क्रू ड्रायव्हर टोचत जा, खास करून क्रॉस मेंबरच्या (तळाला खालून आधार देणाऱ्या आडव्या पट्ट्यांच्या) वर, स्क्रूंच्या भोवती आणि प्लायच्या कापलेल्या कडांना. चांगलं लाकूड टोचू देत नाही. लोखंडी पत्रा असेल तर हातोडीने ठोकत जा. खणखणीत आवाज येत असेल तर वरवरचा गंज आहे, घासून रंगवता येईल. आवाज बद्द आला आणि पापुद्रे सुटले तर पत्रा आतून खाल्ला गेलाय. ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी आणि तिच्याखाली सुईच्या टोकाएवढे खड्डे शोधा. गंज म्हणजे तांबडं काहीतरी, अशी डोळ्यांना सवय असते, त्यामुळे ही पांढरी भुकटी लोक चुना समजून झटकतात आणि पुढे जातात.

मग गाडीखाली झोपून टॉर्चने खालूनही बघा. वरून पास झालेला तळ खालून नापास झालेला मी पुष्कळदा पाहिलाय. चिखल उडून क्रॉस मेंबरच्या फटीत बसतो आणि खालची बाजू कधी वाळतच नाही.

पाणी येतं कुठून

घोडा दिवसाला साधारण ५ ते १० लिटर मूत टाकतो. चालत्या गाडीत बरेच घोडे रोखून धरतात आणि गाडी थांबली की मोकळे होतात. घोडा पोटाच्या मध्याखाली मुततो, घोडी मागे. म्हणजे गाडीतून बहुतेक घोडेच जात असतील तर तळ मधोमध आधी कुजतो, घोड्या जात असतील तर मागच्या भागात. टोचून बघताना तिथून सुरुवात केली की वेळ वाचतो, आणि मॅटचे सांधे कुठे येऊ द्यायचे नाहीत हेही तिथेच कळतं.

पण मॅटखालच्या पाण्यात सगळ्यात मोठा वाटा मुताचा नसतो, आपण मारलेल्या पाइपाचा असतो. प्रेशर वॉशरची धार सांध्यावर किंवा कडेवर धरली की पाणी थेट खाली जातं, सोबत लीद आणि काड्याही घेऊन जातं. तिथे ऊन नाही, वारा नाही. मुतातल्या युरियाचा जिवाणू अमोनिया करतात, त्याला ओल आणि ऊब एवढंच पुरतं. घोड्याचं मूत मुळातच अल्कधर्मी असतं, आणि ॲल्युमिनियमवरचा संरक्षक थर अल्कलीत टिकत नाही. म्हणून "ॲल्युमिनियम आहे, गंजत नाही" या भरवशावर मॅट वर्षानुवर्षं न उचलणाऱ्यांचं नुकसान जास्त होतं. ॲल्युमिनियमच्या तळात लोखंडी स्क्रू ठोकले असतील तर त्यांच्याभोवती आणखी लवकर खड्डे पडतात.

घोड्याच्या बाजूनेही हे कळायला हवं. अमोनिया तळाशी तयार होतो. प्रवासात घोड्याची मोरखी वर बांधलेली असते, त्याला मान खाली घालून नाक-घसा मोकळा करता येत नाही. त्यात तासन् तास अमोनिया हुंगत राहिला की श्वासनलिका चुरचुरते, आणि लांबच्या प्रवासानंतर येणारा फुप्फुसांचा संसर्ग, ज्याला घोडेवाले शिपिंग फिव्हर म्हणतात, त्याला वाट मिळते. राजस्थान-पंजाबकडून घोडे भरून इकडे येणाऱ्या गाड्यांचा प्रवास दिवस-दिवसाचा असतो. आपण उभ्याने वास घेऊन "येत नाही" म्हणतो. गुडघ्यावर बसून मॅटच्या पातळीला नाक नेऊन बघा.

वास घालवायचे घरगुती उपाय, जे वास वाढवतात

चुना टाकणं हा त्यातला पहिला. पागेत चुना मारायची आपल्याकडे जुनी चाल आहे, भिंतीला तो ठीकच आहे. मुताने ओल्या झालेल्या तळावर मात्र चुना अमोनियाला बाहेर हाकलतो, म्हणजे पहिला दिवसभर वास वाढतो. वर ॲल्युमिनियमचा तळ असेल तर चुना त्यालाही खातो.

ब्लीचिंग पावडर किंवा ब्लीच तर मुताच्या ओलीवर अजिबात नको. क्लोरीन आणि अमोनिया एकत्र आले की विषारी वायू तयार होतो, आणि बंद गाडीत वाकून घासणाऱ्या साईसाच्या (घोडा सांभाळणाऱ्याच्या) छातीत तो आधी जातो. निर्जंतुकीकरण करायचंच असेल, म्हणजे आजारी जनावर नेलं असेल, तर आधी साबणाने धुवा, भरपूर पाण्याने मूत पूर्ण निघू द्या, मगच दुसरं काही.

तिसरा उपाय आपल्या ट्रकवाल्यांचा: लाकडी हौद्याला आणि चेसिसला जळकं ऑइल मारणे. लाकूड टिकतं हे खरं. पण त्यावर रबर टाकलं की रबर ते तेल पितं, फुगतं, मऊ पडतं आणि खालून बुळबुळीत होतं. फुगून वर आलेल्या आणि ब्रेकला सरकणाऱ्या मॅटच्या खाली मला ऑइलचा हात बऱ्याचदा सापडतो. डिझेल आणि रॉकेलने मॅट चमकवणाऱ्यांनाही हेच लागू. काळं फिनेल मीही वापरत नाही. रबरालाही ते मानवत नाही आणि घोड्याच्या कातडीलाही.

मग काय वापरायचं? भांड्यांचा साधा लिक्विड साबण, खराटा आणि पाणी. वास उरलाच तर पांढरं व्हिनेगर, एकाला चार-पाच पट पाणी घालून, शिंपडून थोड्या वेळाने धुऊन टाका. अमोनियाला आम्ल मारतं, हिशेब एवढाच. व्हिनेगर पत्र्यावर तसंच वाळू देऊ नका.

निचरा नीट करा

पिकअपवाल्यांसाठी ही जागा सगळ्यात महत्त्वाची. रिकाम्या पिकअपची मागची बाजू उचललेली असते, कमानी (स्प्रिंगा) तशाच बसवलेल्या असतात. घोडा भरला की ती सपाट होते. गाडी धुतो आपण केव्हा, तर रिकामी असताना. म्हणजे धुतलेलं पाणी फाळक्याकडे न जाता केबिनकडे वाहतं आणि पुढच्या कडेला मॅटखाली जमतं, आणि भोकं मात्र मागे पाडलेली असतात! हौद्यात पाणसळ ठेवून बघा, नाहीतर बादलीभर पाणी ओतून ते कुठे जातं ते बघा. उतार पुढे असेल तर पुढच्या दोन्ही कोपऱ्यांतही भोकं हवीत, किंवा धुताना पुढची चाकं लाकडी गुटक्यांवर चढवायची. ट्रेलरला सोपं आहे, पुढचा जॅक फिरवून नाक उचलायचं. आठ फुटांच्या लांबीला एक इंच उतार मिळाला तरी पाणी चालतं.

भोक इंचभराचं असावं. बारीक भोकं काड्यांनी लगेच बुजतात. पाडायच्या आधी खाली बघा, क्रॉस मेंबर कापला जाणार नाही ना, खाली ब्रेकचा पाइप, वायरिंग किंवा सायलेन्सर तर नाही ना. लोखंडी तळ असेल तर भोकाला खालून दोन-तीन इंचांचा पाइपचा तुकडा वेल्ड करून घ्या. नाहीतर पाणी भोकातून निघून पत्र्याच्या पोटाला चिकटत पसरतं आणि चेसिसवर उतरतं. प्लायला भोक पाडलं तर आतल्या कापलेल्या कडेला इपॉक्सीचे दोन हात द्या. प्लाय सहसा वरून कुजत नाही, कडेने पाणी पिऊन कुजतो. हाच न्याय स्क्रूच्या प्रत्येक भोकाला.

मॅटच्या खालच्या अंगाला रेघा असतील तर त्या उताराच्या दिशेने येऊ द्या. आडव्या टाकल्या की प्रत्येक रेघ म्हणजे एक छोटा बांध. खालून सपाट मॅट असेल तर मध्ये प्लास्टिकची जाळी टाकता येते, ५-६ मिलिमीटरची फट मिळाली तरी वारा फिरतो. जाळी टाकून मॅट उचलायचं मात्र सोडू नका, कारण जाळीतही भुसा बसतो.

आणि कडा. भिंतीला रबर लावलेलं असेल तर त्याची खालची कड तळाच्या मॅटवर उतरलेली असली पाहिजे, म्हणजे भिंतीवर उडालेलं मूत मॅटच्या वर पडतं. बऱ्याच गाड्यांत उलटं असतं. तळाची मॅट आधीच लावलेल्या भिंतीच्या रबराला टेकवून कापलेली, आणि भिंतीवरचं सगळं थेट फटीत.

कडा सिलिकॉनने बंद कराव्या का, हे सगळे विचारतात. माझं मत नाही. सीलंट पहिल्या उन्हाळ्यात कुठेतरी सुटतं, आणि मग आत गेलेलं पाणी बाहेर यायची वाटच उरत नाही. गोंदाने चिकटवलेल्या मॅटचंही तेच. सांधाच नसलेला ओतीव तळ करणारे कारागीर असतात आणि तो नीट झाला तर उत्तम चालतो, पण तो महाग आहे आणि एकदा कुठे उखडला की दुरुस्ती अवघड. ज्याची गाडी वर्षातून थोडे दिवस चालते त्याने त्या वाटेला जाऊ नये.

आता मॅटची निवड: पहिला प्रश्न वजनाचा

दुकानात लोक जाडी विचारतात. मी आधी विचारतो, ही कोण उचलणार? १८ मिलिमीटर जाडीचं चांगलं भरीव रबर चौरस मीटरला २२-२४ किलो भरतं. पिकअपचा आठ फूट बाय साडेपाच फुटांचा हौदा एका अखंड तुकड्याने झाकला तर नव्वद किलोच्या वर जातं. ते कोण दर आठवड्याला उचलणार? कुणीच नाही. आणि न उचलली जाणारी मॅट कितीही भारी असली तरी तळ कुजवते. तेवढ्याच क्षेत्राचे चार तुकडे केले तर एकेक तेवीस-चोवीस किलोचा होतो, दोन माणसं सहज बाहेर काढतात. सांधे वाढतात हे खरं, पण उचलली जात असेल तर सांधा हा गुन्हा नाही. फक्त सांधे ओल्या जागेवर येऊ देऊ नका, आणि जमलं तर खाचा एकमेकीत अडकणारी मॅट घ्या.

जाडी १२ मिलिमीटरच्या खाली नको, नाल मारलेला घोडा ती वर्षभरात चिरतो. १८ च्या पुढे गाडीत फारसा फायदा मला दिसत नाही. २५ मिलिमीटर पागेत ठीक आहे, कारण तिथे घोडा रात्र काढतो आणि मॅट गाडीच्या पेलोडमध्ये, म्हणजे वाहायच्या वजनात, मोजली जात नाही.

बाजारात साधारण चार प्रकार मिळतात.

गोठ्यासाठी विकली जाणारी भरीव, साच्यात दाबून भाजलेली मॅट हा सगळ्यात भरवशाचा. डेअरीवाल्यांमुळे ती तालुक्याच्या गावीही मिळते. घेताना कोपरा पूर्ण दुमडून बघा. वळीवर बारीक तडे दिसले तर भेसळ जास्त आहे. पांढऱ्या कपड्याने जोरात पुसा, काळं फार उतरत असेल तर तेच घोड्याच्या पायांना लागणार.

रबराच्या भुकटीला बाइंडरने चिकटवून केलेली मॅट, जिममध्ये असते तशी. स्वस्त आणि हलकी. पण ती दाण्यादाण्यांतून पाणी पिते आणि नखाने कुरतडली तर दाणे सुटतात. घोड्याच्या मुतासाठी ही मॅट नाही.

ईव्हीए फोमची (चपलेच्या तळव्यासारख्या हलक्या फोमची) मॅट उचलायला फार सोपी, पाणीही पीत नाही. पण नालेच्या खिळ्याने भोकं पडतात, आणि खाली पाणी आलं की ती तरंगून सरकते. नाल नसलेली शिंगरं नेणाऱ्याला चालेल.

चौथा प्रकार आपला खास: साखर कारखान्यातून किंवा क्रशरवरून निघालेला जुना कन्व्हेअर बेल्ट. चिवटपणात त्याला तोड नाही आणि भंगाराच्या भावात मिळतो, म्हणून गोठ्यांत तो सर्रास दिसतो. गाडीत मात्र तीन अडचणी. वरचा पृष्ठभाग घासून गुळगुळीत झालेला असतो, ओल्या लिदेवर नाल त्यावरून निसटते. आत कापडाचे थर असतात, कापलेल्या कडेतून ते मूत ओढतात आणि मग तो वास कशानेच जात नाही. आणि काही बेल्टमध्ये पोलादी तारा असतात, कापल्यावर त्यांची टोकं बाहेर राहतात, ती घोड्याच्या खुरात किंवा साईसाच्या हातात घुसतात. फुकट मिळाला तर भिंतीच्या खालच्या भागाला लावा, लाथा खायला तो उत्तम आहे.

पृष्ठभागाबद्दल एवढंच सांगेन, खोल नक्षी पकडेल असं दुकानात वाटतं, पण दोन फेऱ्यांत त्या खाचा लिदेने भरून सपाट होतात. उथळ, खरबरीत, हातोडीने ठोकल्यासारखी नक्षी साफही होते आणि पकडतेही.

फुगवटा: बहुतेक वेळा कापण्यातली चूक

रबर उन्हाने वाढतं. आठ फूट लांबीची मॅट तापमान तीस अंशांनी चढलं की एक सेंटीमीटरच्या आसपास लांबते. डिसेंबरच्या सकाळी गच्च बसेल अशी कापली, की मे महिन्यात तिला जागाच उरत नाही आणि ती मधून उचलते. त्या फुगवट्यावर घोडा पाय देतो, तो खाली जातो, घोडा दचकतो, पुढच्या वेळी चढायला नको म्हणतो.

म्हणून नवी मॅट आणल्याबरोबर कापू नका. दोन-तीन दिवस सपाट जमिनीवर उन्हात पसरून ठेवा, गुंडाळीचा बाक आणि सुरुवातीचं आकसणं दोन्ही निघून जातं. मग दुपारच्या उन्हात, मॅट तापलेली असताना कापा आणि तरीही सगळीकडून अर्धा सेंटीमीटर सोडा. चाकावरच्या पत्र्याच्या कमानीसाठी आणि कोपऱ्यांसाठी आधी जुन्या खोक्याच्या पुठ्ठ्याचा साचा करून बघा. कापताना खाली फळी, कटरला नवं पातं, साबणाचं पाणी, आणि एका दमात नाही तर तीन-चार हलक्या ओढींत. चिरेच्या दोन्ही बाजूंनी मॅट किंचित वाकवून धरायला एक माणूस असला की पातं अडकत नाही. आता फुगलेलीच असेल तर नवी घ्यायची गरज नाही, कडेने एक पट्टी काढून टाका. मात्र फुगवटा एकाच जागी असेल आणि ती जागा हाताला मऊ लागत असेल तर तो तेलाचा आहे. तो तुकडा फेकावाच लागेल.

सरकणाऱ्या मॅटला पुढे-मागे दोन-दोन बोल्ट पुरतात, डोकं मॅटमध्ये बुडेल असे चपट्या डोक्याचे आणि वॉशर लावून. स्टेनलेस घ्या. पान्याने पाच मिनिटांत निघाले पाहिजेत, नाहीतर कुणी मॅट उचलणार नाही.

घोडा तरीही घसरतो

तळ कोरडा, मॅट चांगली आणि तरी घोडा गाडीत पाय मारतो, भिंतीला रेलतो, अशा वेळी मॅटला दोष देण्याआधी दोन गोष्टी तपासा. पहिली नाल. डांबरी रस्त्यावर वराती करणाऱ्या घोडीची नाल झिजून आरशासारखी झालेली असते, ती कुठल्याही ओल्या रबरावर घसरणार. नालबंदाला बोलवा. दुसरी, घोडा फक्त एकाच बाजूच्या वळणावर गडबडतो का? तसं असेल तर अडचण बहुधा जागेची आहे. तोल सावरायला घोडा पाय फाकवतो, आणि दोन घोड्यांच्या मधली फळी खालपर्यंत आली असेल तर त्याला पाय टाकायला जागाच राहत नाही. फळीचा खालचा भाग कापून तिथे लोंबती रबरी पट्टी लावली की फरक पडतो. चालवणाऱ्याने खंबाटकी घाटात वळणं कशी घेतली हेही विचारा, अर्थात त्याच्यासमोर नको.

फाळक्यावर किंवा रॅम्पवर नुसती मॅट पुरत नाही. तिथे साधारण फुटाच्या अंतरावर आडव्या पट्ट्या हव्यात, आणि त्यांच्या दोन्ही टोकांना पाणी वाहून जाईल एवढी फट.

मॅटवर काहीतरी अंथरूण हवंच, रबर स्वतः काही शोषत नाही. रंध्याचा जाडसर भुसा सगळ्यात चांगला, ओल्या जागेवर दोन-तीन इंच. उघड्या टेम्पोत करवतीचा बारीक भुसा टाकू नका, वाऱ्याने उडून डोळ्यांत जातो. पाचट किंवा भाताचा पेंढा गुळगुळीत रबरावर कोरडाच घसरतो, त्यामुळे टाकायचाच तर पातळ नको.

देखभाल

प्रत्येक फेरीनंतर लीद आणि ओला भुसा फावड्याने काढा, पाइपाने ढकलू नका. हे एक केलं तरी निम्मं काम होतं. गाडी रोज चालत असेल तर आठवड्यातून एकदा, नाहीतर प्रत्येक मोठ्या फेरीनंतर, मॅट बाहेर काढून दोन्ही बाजूंनी घासा आणि तळ पूर्ण वाळल्यावरच परत टाका. मॅट उन्हात तासन् तास पडू देऊ नका, भिंतीला टेकवून सावलीत उभ्या करा. भोकांतून तारेची काडी फिरवा. जूनच्या आधी तळ एकदा नीट टोचून-ठोकून बघा आणि लोखंडी असेल तर घासून रेड ऑक्साइड व वर इपॉक्सी मारून घ्या. हंगाम संपल्यावर गाडी चार महिने उभी राहणार असेल तर मॅट आत पसरून ठेवूच नका.

तळच बदलायचा झाला तर

स्क्रू ड्रायव्हर एका जागी जरी आत गेला तरी ठिगळ लावू नका. प्लाय एका ठिकाणी कुजला म्हणजे आजूबाजूचे थरही सुटायला लागलेले असतात. नवा टाकताना १९ मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी दर्जाचा (उकळत्या पाण्यातही न सुटणारा) प्लाय घ्या, शटरिंगचा नको, आणि चारही कडा टाकायच्या आधी सील करा. माझी स्वतःची पसंती साल वृक्षाच्या लाकडाच्या फळ्यांना आहे. दोन फळ्यांमध्ये पाव इंच फट ठेवता येते, पाणी आपोआप खाली जातं आणि पुढे एखादी कुजली तर तेवढीच बदलता येते. ॲल्युमिनियमच्या सांगाड्यावर तांब्याच्या औषधाने मुरवलेलं लाकूड थेट ठेवू नका, मध्ये रबराची पट्टी द्या, नाहीतर सांगाडा खाल्ला जातो.

फळ्या बसवून झाल्यावर मॅट टाकायच्या आधी दोन क्रॉस मेंबरच्या बरोबर मध्ये, एका फळीवर, तीन-चार धिप्पाड माणसं एकत्र उभी करा आणि एकाला गाडीखालून बघायला सांगा. वळणावर किंवा ब्रेकला घोडा आपलं अर्ध्याहून जास्त वजन एका खुरावर टाकू शकतो. फळी दबताना दिसली तर खाली आणखी एक क्रॉस मेंबर वेल्ड करून घ्या, आणि तोवर घोडा भरू नका.